तिचेही सोळावे वर्ष

हैदराबादेतील मलकपेठ हे नाव आपल्याकडील वाचकाच्या कानांवरून गेले असेल, तर ते बहुधा बाजारभावांच्या निमित्ताने. महाराष्ट्रातील कांदा तेथील बाजारात उतरतो आणि त्या शहराच्या स्वयंपाकघरांत जातो. गोवळकोंड्याच्या अब्दुल्ला कुत्बशहाचा मलिक याकूब नावाचा एक सेवक होता, त्याच्यावरून या वस्तीला नाव पडले असे सांगतात. पुढे निजामी अमदानीत, १८८६ साली, घोड्यांच्या शर्यती येथे आल्या. आज त्याच पेठेच्या डोक्यावरून मेट्रो रेल्वे धावते. परंतु आज मलकपेठेची आठवण आम्हाला झाली ती यांपैकी कशामुळेही नव्हे. या पेठेत, नलगोंडा चौरस्त्यापाशी, तेलंगण सरकारचे अपंग कल्याण भवन आहे. राज्यातील अपंगांच्या कल्याणाचा कारभार तेथून चालतो. शेजारच्या दिलसुखनगरात बौद्धिक वाढ खुंटलेल्या मुलांसाठी काम करणारी ठाकूर हरिप्रसाद संस्था आहे. आणि सिकंदराबादेत केंद्र सरकारने १९८४ साली स्थापन केलेली, बौद्धिक अपंगत्वाच्या क्षेत्रातील देशाची अग्रगण्य संस्था आहे. सारांश, ज्या मुलांचे मन व मेंदू चारचौघांपेक्षा वेगळ्या रीतीने घडले आहेत, त्यांच्यासाठी एवढ्या संस्था एका शहरात एकवटलेल्या क्वचितच आढळतील.

अशा त्या शहरात, अशा त्या पेठेत, सोळा वर्षांची एक स्वमग्न मुलगी एका मराठी कुटुंबात राहते, असे आपण क्षणभर कल्पून पाहू. मियापूरपासून एल. बी. नगरपर्यंत मेट्रोची सगळी स्थानके ती क्रमाने, एकही न चुकता म्हणून दाखवते. प्रेशर कुकरची शिट्टी झाली की कानांवर हात ठेवते. शाळेत मधल्या सुट्टीत मुली घोळका करून हसतात, तेव्हा त्या कशाला हसतात हे तिला उमगत नाही. तरीही सगळ्या हसल्यावर आपणही हसायचे एवढे तिने ठरवून ठेवले आहे. एके दिवशी वर्गातला एक मुलगा तिची पडलेली वही उचलून देतो, ‘उद्या भेटू’ म्हणतो, आणि ही मुलगी दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर फाटकापाशी तासभर उभी राहते. ‘उद्या भेटू’ हा केवळ निरोपाचा शब्द आहे, हे तुम्हाआम्हाला कोणी शिकवावे लागले नाही. तिच्या लेखी तो दिलेला शब्द असतो.

या मुलीसाठी सरकारी कचेरीत अर्ज आहेत, दाखले आहेत, सवलती आहेत. अर्जात अपंगत्वाच्या टक्केवारीचा रकाना असतो. मैत्रिणीचा रकाना कोणत्याही अर्जात नसतो, आणि तो सरकारने ठेवावा असेही आमचे म्हणणे नाही. पण ज्या समाजाच्या अर्जात तो नाही, त्या समाजाच्या मनातही तो नसावा, ही मात्र चिंतेची गोष्ट आहे.

मलकपेठेतील मुलीची कथा गोमंतकातील वृत्तपत्राने कशासाठी सांगावी, असे कोणी विचारील. त्याला उत्तर आहे. भारतातील लहान मुलांमध्ये मेंदूच्या वाढीशी संबंधित दोष किती प्रमाणात आढळतात, याचा शोध घेणारी एक मोठी पाहणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. तिच्यासाठी देशातील पाच ठिकाणे निवडली होती : हिमाचलातील कांगडा, हरियाणातील पलवल, ओडिशातील ढेंकानाल, आणि त्यांच्या जोडीला हैदराबाद शहर व आपला उत्तर गोवा. जवळजवळ चार हजार मुले तपासली गेली, आणि दर आठ मुलांमागे सुमारे एकामध्ये असा एखादा तरी दोष आढळला; स्वमग्नता ही त्यांपैकी एक. म्हणजे मोजमापाच्या एकाच पट्टीने ज्यांची मुले मोजली गेली, त्यांत हैदराबादकर आहेत तसे आपणही आहोत. मलकपेठेची मुलगी काय आणि माशेलची मुलगी काय, दोघींचा प्रश्न एकच आहे.

परंतु त्या पाहणीतील आणखी एक आकडा आम्हाला अधिक बोलका वाटतो. पाहणी दोन ते नऊ वर्षांच्या मुलांची होती. शास्त्रज्ञांनी वयाची मर्यादा घातली त्यास कारणे असतील, आणि त्यांना त्याबद्दल दोष देण्याचे प्रयोजन नाही. मात्र समाज म्हणून आपलीही दृष्टी नेमकी तेथेच थांबते, हे नाकारून चालणार नाही. मूल बोलत नाही, डोळ्याला डोळा देत नाही, म्हणून तिसऱ्या-चौथ्या वर्षी धावाधाव सुरू होते. डॉक्टर, वाचोपचार, विशेष शिक्षक, नवस हे सारे होते. दहाव्या-अकराव्या वर्षी मूल थोडेफार सावरले की सगळे सुस्कारा टाकतात. आणि मग ती मुलगी वयात येते. ज्या वेळी तिला समजून घेणाऱ्या माणसाची गरज सर्वांत अधिक असते, त्याच वेळी आजूबाजूचे सगळे एकेक करून निघून गेलेले असतात. उरते ती एकटी आई.

या स्थितीला आपण मराठीत दिलेले नावही थोडे तपासून पाहावे असे आहे. ‘स्वमग्न’ हा शब्द ऐकायला गोड आहे. पण त्यातून असा समज होतो की, ही माणसे स्वतःतच बुडालेली असतात आणि त्यांना दुसऱ्या कोणाची गरज नसते. अमेरिकेतील बालमानसतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांची निरीक्षणे प्रसिद्ध केली, तेव्हापासून हा समज जगभर पसरला. त्या अकरांत मुलगे आठ होते आणि मुली तीन. स्वमग्नता हा मुलग्यांचाच विकार, ही समजूतही त्यामुळे रुजली. आता अभ्यासक सांगतात की, मुली पुष्कळदा आपली स्थिती झाकतात. दुसऱ्या मुलींचे बोलणे, हसणे, मान वेळावणे पाहून पाहून त्या नक्कल करतात, आणि दिवसभर हे सोंग वठवून घरी आल्या की कोसळतात. शाळा म्हणते, मुलगी शांत आहे, गुणी आहे; आई म्हणते, घरी आल्यावर ही तासभर भिंतीकडे तोंड करून का बसते? कित्येकींचे निदान त्या वयात आल्यावर होते. कित्येकींचे होतच नाही, त्या आयुष्यभर ‘विक्षिप्त’, ‘तुसडी’, ‘घुमी’ या विशेषणांवर दिवस काढतात. आपल्या नात्यात, आपल्या वाड्यावर अशी एखादी आत्या वा मावशी होऊन गेली, हे वाचता वाचता कोणाला आठवले, तर त्यात नवल नाही.

तिला माणसे नको असतात हे खरे नाही. तिला माणसे हवी असतात. फक्त गोंगाट नको असतो. चवथीच्या दिवसांत घुमट-कांसाळ्यांचा घोष सुरू झाला की ती माजघरात जाऊन बसेल. पण त्याआधी माटोळीला बांधलेल्या प्रत्येक फळाचे नाव तिने पाठ केलेले असेल, आणि ते तिला कोणी तरी विचारावे असे तिला वाटत असेल. डेमियन मिल्टन या स्वतः स्वमग्न असलेल्या इंग्रज अभ्यासकाने २०१२ साली एक साधी पण महत्त्वाची गोष्ट मांडली. ती अशी की, स्वमग्न माणसाला इतरांचे मन कळत नाही असे आपण म्हणतो. पण इतरांना तरी स्वमग्न माणसाचे मन कोठे कळते? अडचण दोन्ही बाजूंची आहे. मग दुरुस्तीचा सगळा भार एकट्या मुलीवर कशासाठी? तिला हसायला शिकवण्यासाठी वर्षानुवर्षे शिकवणी लावायची, आणि वर्गातल्या चाळीस जणींना, ही सरळ बोलते म्हणजे उर्मटपणे बोलत नाही, एवढी एक गोष्ट सांगायला अर्धा तास काढायचा नाही, हा कुठला न्याय? बाकावर शेजारी बसणारी, डब्यातला घास देणारी, ‘आज थट्टा चालली आहे, मनावर घेऊ नकोस’ असे कानात सांगणारी एक मैत्रीण मिळाली, तर तिचे मोल दहा उपचारांहून कमी नाही.

कुटुंबाची अवस्था आम्ही जाणतो. आपल्या समाजात मुलीच्या आईला एरव्हीही निजता येत नाही. मग अशा मुलीच्या आईला कोठून झोप लागावी? न्हाण आल्या दिवसापासून तिच्या पोटात भीतीचा गोळा असतो. या भीतीतून दोन वाटा फुटतात, आणि दोन्ही चुकीच्या आहेत. एक वाट म्हणजे मुलीला कायम बाळ करून ठेवणे. सोळा वर्षांच्या मुलीला सहा वर्षांच्या मुलीचे झगे, तिच्यासमोर तिच्याविषयीच ती तेथे नसल्यासारखे बोलणे, आणि तिला मन आहे, शरीर आहे, ओढ आहे ही गोष्टच अमान्य करणे. दुसरी वाट त्याहून भयंकर. ‘लग्न लावून द्या, आपोआप ठिकाणावर येईल’ असा सल्ला देणारी वडीलधारी मंडळी प्रत्येक गावात असतात. सांगून आलेल्या स्थळापासून खरी गोष्ट लपवली जाते, आणि एका मुलीची वणवण माहेराहून सासरी हलवली जाते. त्यात फसगत होते ती दोन्ही घरांची. परंतु भोगते ती एकटीच.

भीतीने मुलीचे रक्षण होत नाही, उलट ती अधिक उघडी पडते, हे पालकांनी नीट समजून घ्यावे. या मुलींना लहानपणापासून आपण काय शिकवतो? बस म्हटले की बसायचे, हात दे म्हटले की हात द्यायचा, मोठ्यांचे ऐकायचे. हे शिकवण्यात आपला हेतू चांगला असतो. पण जिला ‘ऐकणे’ एवढेच शिकवले, ती वाईट हेतूने जवळ आलेल्या माणसाचेही ऐकेल. ‘हे कोणाला सांगू नकोस’ असे त्याने म्हटले, तर ती तो शब्दही पाळील, कारण दिलेला शब्द पाळणे हा तिचा स्वभाव आहे. शरीराच्या अवयवांची नावे जिला सांगितलेली नाहीत, ती झाला प्रकार सांगणार तरी कोणत्या शब्दांत? म्हणून ‘नाही’ हा शब्द, कोणालाही, वेळप्रसंगी आई-बापालाही म्हणता येणे, हे तिच्या शिक्षणातील पहिले पाठ्य असले पाहिजे. ज्या घरात आज तिने ‘मला मिठी नको’ म्हटल्यावर आत्या-मामा रागावतात, त्या घराने उद्या तिच्याकडून परक्यापुढे धैर्याची अपेक्षा करू नये.

आणि मग येते पहिले प्रेम. हा शब्द या मुलींच्या संदर्भात उच्चारला की सभ्य घरांत शांतता पसरते. २०१२ साली आलेल्या ‘बर्फी’ या हिंदी चित्रपटातील स्वमग्न नायिकेच्या प्रेमाने प्रेक्षकांचे डोळे पाणावले. पण तीच गोष्ट शेजारच्या घरात घडली तर आपण डॉक्टरांकडे धावू. प्रेम वाटणे हा आजार नाही. मात्र तिच्या प्रेमाला कुंपण, पायवाट आणि दिवा, तिन्ही लागतात. तो मुलगा केवळ दयाळू आहे की त्याला आपण आवडतो, हे तिला कोणी तरी उलगडून सांगावे लागते. दिवसातून वीस वेळा फोन केला तर समोरच्याला त्रास होतो, हे स्पष्ट शब्दांत सांगावे लागते, आडून सुचवून भागत नाही. मित्रांशी पैज लावून तिच्याशी गोड बोलणारी, तिची चित्रे मागून ती चारचौघांत फिरवणारी मुलेही असतात. ती ओळखायला तिला शिकवावे लागते. आणि समोरचा ‘नाही’ म्हणाला तर ते नाहीच असते, हा धडा तिच्यासाठी जितका खरा, तितकाच तो आपल्या धडधाकट मुलग्यांसाठीही खरा आहे. अठरा वर्षांखालील मुलाची वा मुलीची शरीरसंबंधास संमती कायदा मानत नाही. २०१२ च्या बालकांच्या संरक्षणाच्या कायद्याने ही रेषा स्पष्ट आखली आहे. ती रेषा तिला आणि त्याला, दोघांनाही ठाऊक असली पाहिजे. परंतु कायद्याने कृतीला बंदी केली आहे, हुरहुरीला नव्हे.

हा प्रश्न हळवेपणाचा नसून माणूसपणाच्या हक्काचा आहे, हे ज्यांना पटत नसेल त्यांनी १९९४ साल आठवावे. शिरूर येथील सरकारी संस्थेतील मतिमंद मुली व स्त्रियांची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात काढून टाकण्यात आली. कारण सांगितले गेले ते त्यांच्या मासिक पाळीच्या स्वच्छतेचे आणि काळजीचे. महाराष्ट्रात त्यावर मोठे काहूर उठले आणि पुढील शस्त्रक्रिया थांबल्या. ज्यांनी तो निर्णय घेतला ते कोणी राक्षस नव्हते. सोयीचा मार्ग शोधणारी ती साधी माणसे होती. पण ज्यांच्या शरीरावर शस्त्र चालले, त्यांना कोणी विचारले नव्हते. त्यानंतर देश पुढे आला आहे. २००९ साली चंदीगडच्या एका सरकारी निवासगृहातील तरुणीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, सौम्य बौद्धिक अपंगत्व असलेल्या स्त्रीच्याही इच्छेचा मान राखला पाहिजे असा निवाडा दिला. २०१६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्याने स्वमग्नतेचा आपल्या एकवीस प्रकारांत समावेश केला, आणि वंध्यत्व आणणारा कोणताही वैद्यकीय उपाय त्या व्यक्तीच्या मुक्त व जाणत्या संमतीविना करता येणार नाही असे बजावले. त्याच कायद्याने प्रजननासंबंधीची माहिती अपंगांना मिळेल अशी जबाबदारी सरकारवर टाकली आहे. कागदावर हे सर्व आहे. आपल्या शाळांत मात्र वयात येणाऱ्या मुलींना जी चार वाक्ये सांगितली जातात, त्या तासाला अशा मुलीला वर्गाबाहेर पाठवण्याचीच रीत आहे. ‘तिला काय कळणार?’ हे त्याचे समर्थन असते.

तिला काय कळते याचा एक दाखला मुंबईने सगळ्या देशाला दिला आहे. जिया राय ही नौदलातील एका कर्मचाऱ्याची स्वमग्न मुलगी. २०२१ साली, बाराव्या वर्षी, ती वांद्रे-वरळी सागरी सेतूपासून गेटवे ऑफ इंडियापर्यंत छत्तीस किलोमीटर पोहत आली. २०२२ मध्ये तिने श्रीलंकेच्या तलैमन्नारपासून धनुष्कोडीपर्यंतचा समुद्र तेरा तास दहा मिनिटांत पार केला. जुलै २०२४ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, सतरा तास पंचवीस मिनिटे पोहून ती इंग्लंडच्या किनाऱ्यावरून फ्रान्सच्या किनाऱ्याला लागली. आम्ही समुद्रकाठची माणसे. सतरा तास पाण्यात राहणे म्हणजे काय, हे आम्हाला सांगायला नको. या मुलीचे कौतुक करावे तेवढे थोडेच. पण तिच्या कौतुकात एक धोका दडलेला आहे. स्वमग्न मुलीने समुद्र ओलांडला तरच आम्ही तिची दखल घेणार काय? जी समुद्र ओलांडणार नाही, पदक आणणार नाही, स्थानकांची नावे पाठ म्हणून दाखवण्यापलीकडे जिच्यापाशी कोणतेही नवल नाही, तिला बाकावर शेजारीण मिळण्याचा हक्क नाही काय?

गोव्याने या बाबतीत चार पावले पुढे टाकली आहेत, हे अभिमानाने नमूद केले पाहिजे. जानेवारी २०२३ मध्ये पणजीत अपंगांचा ‘पर्पल महोत्सव’ प्रथम भरला, आणि राज्याचे नाव देशभर झाले. लहान मुलांच्या वाढीच्या प्रश्नांवर ‘संगाथ’ व ‘सेतू’ यांसारख्या संस्था पर्वरीत काम करीत आहेत. परंतु उत्सव दोन-चार दिवसांचा असतो आणि शाळा दोनशेहून अधिक दिवसांची. आमचे मागणे त्या दिवसांसाठी आहे. आठवीपासून बारावीपर्यंत ज्या वर्गात अशी मुलगी आहे, तेथे तिच्याबरोबर राहतील अशा दोन-तीन मुली शिक्षकांनी ठरवून तयार कराव्यात. शरीर, पाळी, स्पर्श, मैत्री आणि नकार यांचे शिक्षण तिला चित्रांतून, साध्या व सरळ वाक्यांत, पुन्हा पुन्हा मिळावे, आणि ते देणाऱ्या शिक्षिकांना त्यासाठी तयार केले जावे. अठरावे वर्ष लागले की काही पालक १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली पालकत्वाचा अर्ज करतात. अशा व्यक्तीला पालकाची खरोखर गरज आहे काय, आणि असल्यास कोणत्या कामापुरती, हे दोन्ही प्रश्न जिल्हा समितीने तपासावेत असे त्या कायद्यातच लिहिले आहे. ते प्रश्न प्रत्येक वेळी खऱ्या अर्थाने विचारले जावेत. बँकेचे व्यवहार सांभाळायला पालक लागेल. मैत्रीण निवडायला लागेलच असे नाही.

आणि पुढची पाहणी होईल तेव्हा ती नऊ वर्षांवर थांबू नये. शास्त्रज्ञांची पाहणी केव्हा होईल ती होवो. आपली स्वतःची आजपासून सुरू होऊ शकते. तिला माणसांची भाषा शिकवायला आपण चौदा-पंधरा वर्षे खर्ची घातली. तिची भाषा आपण किती शिकलो? शाळेच्या फाटकापाशी कोणी मुलगी एकटीच उभी दिसली, तर ‘कोणाची वाट पाहतेस?’ एवढे विचारायला कोणत्याही पदवीची गरज नाही. आणि एखाद्याने तिला ‘उद्या भेटू’ म्हटले असेल, तर त्याने उद्या भेटावे, किंवा येणार नाही असे तिला सरळ सांगावे.